आठ चिन्हांची भाषा चालवायची कशी?

++++++++[>++++++++<-]>+.

वरची ओळ म्हणजे एक अख्खा प्रोग्रॅम आहे. तो चालवला की पडद्यावर रोमन लिपीतलं मोठं 'ए' उमटतं. ज्या भाषेत तो लिहिलाय तिचं नाव ब्रेनफक. नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही म्हणून पुष्कळ जण नुसतं 'बीएफ' म्हणतात, आणि पुढे मीही तेच म्हणेन. या भाषेत चिन्हं फक्त आठ. व्हेरिएबलला नाव देता येत नाही, संख्या लिहिता येत नाही, बेरीज-गुणाकार नाहीत. आहे ती कप्प्यांची एक लांब टेप. प्रत्येक कप्प्यात सुरुवातीला शून्य असतं आणि एका पॉइंटरची नजर त्यांतल्या एका कप्प्यावर असते. > आणि < या चिन्हांनी पॉइंटर उजवीकडे-डावीकडे सरकतो. + आणि - यांनी समोरच्या कप्प्यातला आकडा एकाने वाढतो किंवा घटतो. पूर्णविराम तो आकडा अक्षर म्हणून बाहेर टाकतो, स्वल्पविराम बाहेरून एक अक्षर आत घेतो. राहिले दोन चौकटी कंस, म्हणजे लूप: समोरच्या कप्प्यात शून्य येईपर्यंत कंसातलं काम पुन्हा पुन्हा करायचं.

आता तीच ओळ सावकाश वाचू. पहिल्या आठ अधिक चिन्हांनी पहिल्या कप्प्यात ८ जमतात. कंसात शिरल्यावर पॉइंटर उजवीकडे सरकतो, दुसऱ्या कप्प्यात ८ मिळवतो, परत डावीकडे येतो आणि पहिल्यातून १ कमी करतो. पहिल्या कप्प्यात अजून काही शिल्लक असेल तर पुन्हा कंसाच्या सुरुवातीला. अशा आठ फेऱ्या झाल्या की पहिला कप्पा रिकामा होतो आणि दुसऱ्यात ६४ असतात. गुणाकाराचं चिन्ह नसलेल्या भाषेत आठ आठे चौसष्ट असे होतात. मग पॉइंटर उजवीकडे नेला, आणखी १ मिळवला, झाले ६५. आस्कीच्या तक्त्यात ६५ म्हणजे मोठं 'ए'. शेवटचा पूर्णविराम ते छापतो.

ही भाषा १९९३ साली स्वित्झर्लंडच्या अर्बन म्यूलर यांनी अमिगा या संगणकासाठी तयार केली. उपयोगी भाषा करावी हा त्यांचा हेतूच नव्हता. त्यांना शक्य तितका लहान कंपायलर लिहायचा होता. त्याच वर्षी वाउटर व्हॅन ऊर्टमर्सन यांनी 'फॉल्स' नावाची भाषा केली होती आणि तिचा कंपायलर १०२४ बाइटमध्ये बसवला होता. म्यूलर यांनी तो आकडा २४० बाइटवर आणला. टेपवर त्यांनी ३०,००० कप्पे दिले, आणि तो आकडा आजही बहुतेक ठिकाणी तसाच पाळला जातो.

या खेळामागे मोठं गणित आहे, आणि ते म्यूलर यांच्याही आधीचं आहे. इटलीचे कोराडो ब्योम यांनी १९६४ साली अशीच एक चिमुकली भाषा मांडून सिद्ध केलं होतं की डावी-उजवी हालचाल, आकड्यात बदल आणि लूप एवढ्या सामग्रीत गणनेने सुटणारं कुठलंही काम बसवता येतं, 'अमुक ओळीवर उडी मार' अशा आज्ञेची गरज पडत नाही. बीएफची आठपैकी सहा चिन्हं ब्योम यांच्या भाषेशी जुळतात. उरलेली दोन आत-बाहेर करण्यासाठी. म्हणून बीएफला पोरखेळ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. टेप अमर्याद धरली तर जे पायथॉनमध्ये करता येतं ते गणन म्हणून इथेही करता येतं, फक्त लिहिताना घाम फुटतो.

अशा भाषांना 'एसोलँग' म्हणतात आणि त्यांचं गोत बरंच मोठं आहे. प्रिन्स्टनच्या डॉन वूड्स आणि जेम्स लायन या विद्यार्थ्यांनी १९७२ साली केलेली 'इंटरकॅल' ही त्यांतली आद्य. तिच्यात आज्ञेआधी अधूनमधून 'कृपया' म्हणावं लागतं. कमी वेळा म्हटलं तर कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो, अति म्हटलं तरी नाकारतो. 'बेफंज'मध्ये प्रोग्रॅम ८० गुणिले २५ च्या चौकटीत चारही दिशांनी धावतो. 'व्हाइटस्पेस'मध्ये फक्त स्पेस, टॅब आणि नवी ओळ यांनाच अर्थ असतो, त्यामुळे छापलेला प्रोग्रॅम कोरा कागद दिसतो. 'पीट'चा प्रोग्रॅम म्हणजे एक रंगीत चित्र. पण बीएफचे जितके इंटरप्रिटर लिहिले गेले तितके यांतल्या दुसऱ्या कुणाचे क्वचितच असतील. पायथॉनची पायपीआय, जावास्क्रिप्टची एनपीएम, रस्टची क्रेट्स डॉट आयओ, यांपैकी लायब्ऱ्यांच्या कुठल्याही भांडारात शोधलं तरी बीएफ चालवणारी लायब्ररी सापडते.

लायब्ररी आणि नुसता इंटरप्रिटर यांत मोठा फरक आहे. नुसता इंटरप्रिटर कमांड लाइनवर चालतो, कीबोर्डवरून वाचतो, पडद्यावर लिहितो, काम संपलं की बंद होतो. लायब्ररी आपल्या प्रोग्रॅमच्या आत राहते. आपण तिला बीएफचा कोड स्ट्रिंग म्हणून देतो, इनपुट देतो, आणि ती आउटपुट आपल्या हातात आणून ठेवते. ते पडद्यावर दाखवायचं, फाइलमध्ये साठवायचं की अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचं, हे आपण ठरवतो. कोडी सोडवून घेणारं संकेतस्थळ, वर्गात दाखवायचं प्रात्यक्षिक, चॅटमधला बॉट, अशा ठिकाणी हेच लागतं.

गंभीर संशोधनातही लागतं. २०२४ साली गूगलमधले ब्लेझ अग्वेरा ई आर्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीएफच्या एका रूपावर प्रयोग केला. त्यात कोड आणि डेटा एकाच टेपवर राहतात. ६४ बाइटच्या असंख्य टेप त्यांनी यादृच्छिक आकड्यांनी भरल्या. मग कुठल्याही दोन उचलायच्या, जोडायच्या, प्रोग्रॅम म्हणून चालवायच्या, पुन्हा वेगळ्या करायच्या, आणि हे करतच राहायचं. कुणीही न लिहिता त्या कचऱ्यातून स्वतःची नक्कल करणारे प्रोग्रॅम उपजले. भाषा इतकी लहान नसती तर यादृच्छिक बाइटना काही अर्थ मिळण्याची शक्यताच फार कमी राहिली असती. आणि इंटरप्रिटर एखाद्या फंक्शनसारखा वारंवार बोलावता आला नसता तर हा प्रयोग उभाच राहिला नसता.

आता लायब्ररी वापरायला घेऊ. म्यूलर यांच्या आठ चिन्हांनी बरंच काही न सांगता सोडलंय, आणि ते प्रत्येक लायब्ररी आपापल्या परीने ठरवते. कोड तोच, पण लायब्ररी बदलली की वागणूक बदलते. हे नीट कळण्यासाठी देवनागरी 'अ' छापून पाहण्यासारखी दुसरी कसोटी नाही.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'अ' तीन बाइटचा असतो: २२४, १६४ आणि १३३. बीएफमध्ये एका पूर्णविरामाने एक कप्पा बाहेर जातो, म्हणजे 'अ'साठी तीन पूर्णविराम हवेत. २२४ पर्यंत वर चढत जाण्यापेक्षा शून्याखाली उतरणं सोपं आहे. कप्पा आठ बिटांचा असेल तर त्यात ० ते २५५ एवढंच मावतं, आणि ० मधून १ वजा केला की स्कूटरचा जुना किलोमीटरचा काटा उलटा फिरवावा तसे २५५ येतात. ३२ वजा केले की २२४.

++++++++[>----<-]>.

आठ फेऱ्या, दर फेरीत चार वजा, एकूण बत्तीस. पहिला बाइट बाहेर पडला. यापुढे साठ वजा चिन्हं आणि पूर्णविराम दिला की १६४, त्यानंतर एकतीस वजा चिन्हं आणि पूर्णविराम दिला की १३३. सगळी मिळून ११२ चिन्हं, आणि 'अ' तयार.

किंवा नाही तयार. कप्पे सोळा बिटांचे ठेवणाऱ्या लायब्ररीत ३२ वजा केल्यावर ६५,५०४ येतात. पायथॉनमधल्या एखाद्या साध्या लायब्ररीने कप्प्याला मर्यादाच घातली नसेल तर -३२ येतात, आणि उणे आकड्याचं अक्षर करता येत नाही म्हणून एरर येते. कप्पे आठ बिटांचेच आहेत, पण लायब्ररी प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजून स्ट्रिंग जोडत असेल तर 'अ'च्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', त्याच्यापुढे चलनाची एक खूण, आणि तिसरं डोळ्यांना न दिसणारं अक्षर मिळतं. जुन्या संकेतस्थळांवर मराठी मजकुराचा असा चुथडा झालेला आपण सर्वांनी पाहिलाय. कारण तेच आहे. म्हणून आउटपुट बाइटच्या रूपात परत देणारी लायब्ररी निवडावी आणि यूटीएफ-८ वाचण्याचं काम आपल्या हातात ठेवावं. इंग्रजीत 'हॅलो वर्ल्ड' छापून समाधान मानणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही, कारण इंग्रजीची सगळी अक्षरं एकेका बाइटची.

दुसरा न ठरलेला प्रश्न इनपुट संपण्याचा. वाचायला काहीच उरलं नसताना स्वल्पविराम आला तर कप्प्यात काय ठेवायचं? काही लायब्ऱ्या शून्य ठेवतात, काही -१ ठेवतात, म्हणजे आठ बिटांत २५५, आणि काही कप्प्याला हातच लावत नाहीत. आत आलेलं जसंच्या तसं बाहेर टाकणारा हा सर्वांत छोटा प्रोग्रॅम घ्या:

,[.,]

शून्य ठेवणाऱ्या लायब्ररीत तो व्यवस्थित थांबतो. २५५ ठेवणाऱ्या लायब्ररीत तो २५५ हाच बाइट अखंड ओकत राहतो. कप्प्याला हात न लावणाऱ्या लायब्ररीत शेवटचं अक्षर न थांबता छापलं जातं. यावर अनुभवी बीएफकारांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. पुढचं अक्षर वाचण्याआधी कप्पा स्वतःच रिकामा करून ठेवायचा:

,[.[-],]

आतल्या [-] ने कप्प्यात शून्य येईपर्यंत एकेक वजा होतो. मग लायब्ररी शून्य ठेवणारी असो की हात न लावणारी, प्रोग्रॅम थांबतोच. २५५ वाल्या लायब्ररीपुढे मात्र याचंही काही चालत नाही. त्यासाठी पद्धत बदलावी लागते: ,+[-.,+] असं लिहिलं की वाचलेल्या आकड्यात आधी १ मिळवला जातो, २५५ चे शून्य होतात आणि लूप सुटतो.

आता जास्त गंभीर भाग. दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये चालवायचा म्हणजे तो कधी थांबेल याचा भरवसा नाही. बीएफमध्ये कायमचं अडकायला तीन चिन्हं पुरतात: +[] . कप्प्यात १ आहे, लूपमध्ये काम काहीच नाही, शून्य येणार कुठून? एवढं उघड उदाहरण लायब्ररीला ओळखता येईल, पण दिलेला कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे आधी सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. हे ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ सालच्या निबंधातून निघतं, आणि त्यांनी कल्पिलेलं यंत्रही टेपवरच चालत होतं.

आणखी दोनच चिन्हं जास्त असलेला हा प्रोग्रॅम पाहा:

+[>+]

पॉइंटर उजवीकडे जातो, तिथे १ मिळवतो, पुन्हा उजवीकडे. जी लायब्ररी गरज पडेल तशी टेप वाढवत नेते तिच्यात हा प्रोग्रॅम मेमरी संपेपर्यंत धावतो, आणि मेमरी आपली असते. जी लायब्ररी ३०,००० कप्प्यांवर थांबते ती 'टेप संपली' अशी एरर देते. काही लायब्ऱ्या टेपचं शेवटचं टोक सुरुवातीला जोडून वर्तुळ करतात. तिथे तोच प्रोग्रॅम चक्क व्यवस्थित संपतो. पहिल्या कप्प्यात आधीच १ आहे आणि दर चकरेत त्यात एकाची भर पडते. २५५ चकरा झाल्या की २५६ होतात, आठ बिटांत त्यांचं शून्य होतं आणि लूप सुटतो. २५५ गुणिले ३०,००० म्हणजे ७६,५०,००० फेऱ्या. पाच चिन्हांचा एक प्रोग्रॅम एका लायब्ररीत मेमरी गिळतो, दुसरीत एरर देतो, तिसरीत सुखरूप घरी येतो. 'हा प्रोग्रॅम काय करतो?' या प्रश्नाचं उत्तर लायब्ररीचं नाव घेतल्याशिवाय देताच येत नाही.

म्हणूनच लायब्ररी घेताना मी सर्वांत आधी हे पाहतो की तिच्यात पावलांची मर्यादा घालता येते का. इतक्या आज्ञा झाल्या की थांब आणि मला कळव, एवढं सांगायची सोय हवी. नुसती घड्याळाची मर्यादा पुरत नाही, कारण तोच प्रोग्रॅम वेगवान संगणकावर बसेल आणि जुन्यावर बसणार नाही. पावलं मोजली तर निकाल सगळीकडे सारखा. ही काळजी फक्त एसोलँगपुरती नाही. ज्या १९९३ साली बीएफ आली, त्याच वर्षी रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात 'लुआ' जन्माला आली. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत लायब्ररी म्हणून राहावं यासाठीच ती घडवली आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात खेळाडू स्वतःच्या सोयी लुआत लिहितात. तिच्यात ठरावीक आज्ञांनंतर यजमान प्रोग्रॅमला हाक मारण्याची सोय आहे, आणि तिथे यजमान म्हणू शकतो: पुरे. रेडिस या डेटाबेसमध्ये लुआची स्क्रिप्ट मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५ सेकंदांपेक्षा जास्त चालली की बाकीच्यांना 'सर्व्हर कामात आहे' असं उत्तर मिळू लागतं. मग ती स्क्रिप्ट मारण्याची आज्ञा देता येते, पण तिने तोवर डेटात काही लिहिलेलं नसेल तरच. इथेरियम या ब्लॉकचेनने २०१५ साली यावर वेगळाच उपाय केला: प्रत्येक आज्ञेला किंमत. दिलेला 'गॅस' संपला की काम जिथल्या तिथे थांबतं. +[] लिहिणाऱ्याला तिथे खिशातून पैसे मोजावे लागतात.

याखेरीज दोन गोष्टी पटकन तपासता येतात. एक, कंस जुळत नसलेला कोड देऊन पाहावा, म्हणजे नुसता ]. चांगली लायब्ररी चालवण्याआधीच एरर देते आणि ती आपल्याला पकडता येते. काही लायब्ऱ्या मुळात कमांड लाइनच्या इंटरप्रिटरवरून उचललेल्या असतात आणि अशा वेळी थेट प्रक्रियाच बंद करतात. म्हणजे पाहुण्याची चूक आणि यजमानाचा सर्व्हर बंद. दोन, एकच प्रोग्रॅम लागोपाठ दोनदा चालवावा. दुसऱ्या वेळी उत्तर बदललं तर टेप ग्लोबल ठेवलेली आहे आणि पहिल्या खेपेचा गाळ तिच्यात उरलाय. एकाच वेळी दोन वापरकर्ते आले तर काय होईल ते सांगायला नको.

वेगाची बाब मात्र आनंदाची आहे. भाषा इतकी लहान असल्यामुळे ती वेगवान कशी होते हे उघड्यावर पाहता येतं. अगदी बाळबोध इंटरप्रिटर दर वेळी जुळणारा कंस शोधत कोडमधून मागे-पुढे भटकतो. जरा बरा असेल तो सुरुवातीलाच सगळ्या कंसांच्या जोड्या तक्त्यात लिहून ठेवतो. त्याहून हुशार असेल तो सलग साठ वजा चिन्हांची एकच आज्ञा करतो, आणि [-] दिसलं की २५५ पर्यंत फेऱ्या मारण्याऐवजी कप्प्यात सरळ शून्य ठेवतो. पायथॉन वेगाने चालवू पाहणाऱ्या पायपाय प्रकल्पाने २०११ साली इंटरप्रिटर कसा लिहावा याची शिकवणी प्रसिद्ध केली, तेव्हा अँड्रू ब्राउन यांनी उदाहरणाला हीच भाषा घेतली. पायथॉनसारख्या भाषेत लिहिलेला साधा इंटरप्रिटर त्यांनी आधी यंत्रभाषेत उतरवला आणि मग त्याला चालता चालता यंत्रकोड तयार करणारी जोड दिली. एरिक बोसमन यांचा मँडेलब्रॉटची आकृती काढणारा बीएफ प्रोग्रॅम अशा वेगाच्या शर्यतींचं ठरलेलं मैदान झालाय.

मराठीत टिपा लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. बीएफमध्ये आठ चिन्हं सोडून बाकी सगळं दुर्लक्षिलं जातं, त्यामुळे कोडच्या मधोमध देवनागरीत खुशाल लिहिता येतं. पण आपल्या वाक्यातला पूर्णविराम आणि स्वल्पविराम या तिथे आज्ञा आहेत, आणि 'आत-बाहेर'मधली आडवी रेघही. यावरची जुनी युक्ती अशी की अख्खी टीप प्रोग्रॅमच्या अगदी आरंभी चौकटी कंसात लिहायची. तेव्हा पहिल्या कप्प्यात शून्यच असतं, म्हणून तो लूप एकदाही चालत नाही आणि आतले विरामचिन्हांचे हुकूम वाया जातात. टिपेत आणखी चौकटी कंस आले तर ते जुळलेले असावेत, एवढंच पथ्य.

सुरक्षिततेच्या बाबतीत बीएफइतका निरुपद्रवी पाहुणा मिळणं कठीण. फाइल उघडायला चिन्ह नाही, नेटवर्क नाही, घड्याळ नाही. आपण दिलेलं इनपुट आणि आपण घेतलेलं आउटपुट याखेरीज बाहेरच्या जगाला त्याचा स्पर्श नाही. पावलं, मेमरी आणि आउटपुटची लांबी, या तीन ठिकाणी कुलूप लावलं की भागतं. आउटपुटचं कुलूप विसरलं जातं, +[.] एवढ्या चार चिन्हांत पाहुणा आपली डिस्क भरू शकतो. लुआसारखी खरीखुरी भाषा आत घ्यायची असेल तर हीच तीन कुलपं लागतातच. शिवाय फाइलला आणि ऑपरेटिंग सिस्टमला हात घालणारी तिची मॉड्यूल सुरुवातीलाच वगळावी लागतात, आणि मजकुराऐवजी आधीच कंपाइल केलेला बाइटकोड कुणी पाठवला तर तो नाकारावा लागतो. लुआच्या ५.२ आवृत्तीपासून बाइटकोडची तपासणी होत नाही, आणि मुद्दाम बिघडवलेला बाइटकोड यजमान प्रोग्रॅमलाच पाडू शकतो.